आभारात राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

वनस्पतीतून आरएनए काढायच्या पद्धतीवरच्या आपल्या त्या पेपरला परवा सहाशेवं सायटेशन मिळालं, म्हणजे सहाशेव्या पेपरने त्याचा संदर्भ दिला. (त्यातली काही आमची आम्हीच दिलेली आहेत, ती धरून.) सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. मग खोलीत येऊन मी पेपर पुन्हा उघडला. तुमचं नाव शेवटी, आभारांत, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं आरएनए टिकतच नव्हतं. तपासणीच्या जेलवर 25एस आणि 18एस या रायबोसोमच्या आरएनएच्या दोन ठसठशीत पट्ट्या दिसायला हव्यात, तिथे नुसता खाली ओघळलेला धूर. मी किट बदललं, पाणी बदललं, रडूनही झालं. तुम्ही दोन दिवस नुसत्या बघत होतात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "ग्लोव्ह्ज घालून फ्रीजर उघडतेस आणि त्याच हातांनी ट्यूब धरतेस." आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी जुळवून कामाला लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते फ्रीजरच्या हँडलवरही बसलेलं असतं, हे तुमच्यामुळे कळलं.

आमची वनस्पती त्याहून हट्टी. पॉलिसॅकराइडं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, इतकी की ट्यूबच्या तळाशी आरएनएऐवजी जेली, आणि पॉलिफिनॉलमुळे तीही तपकिरी. सीटॅब, पीव्हीपी, मर्कॅप्टोइथेनॉल, ही रसायनं आणि मग आरएनए तळाशी बसावं म्हणून रात्रभर लिथियम क्लोराईड, ही कृती काही आपण शोधलेली नव्हती. तुमची वही मात्र वेगळी होती. तिच्यात फसलेल्या दिवसांच्या नोंदी होत्या. पेलेट (ट्यूबच्या तळाशी बसणारा साका) तपकिरी आला? गोठवलेली पावडर बफरमध्ये पडायच्या आधीच वितळली. पारदर्शक, थुलथुलीत आला? ती साखर, आरएनए नव्हे. दिसलाच नाही? ओतून देऊ नका, सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा फिरवा.

त्या नोंदींचा तक्ता पेपरात घालायचा हट्टही तुमचाच. अपयश कशाला छापायचं, असं गाईड म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आज मला ईमेल येतात ते त्या तक्त्याबद्दलच.

पद्धतीच्या पेपरांना सर्वाधिक संदर्भ मिळणं आमच्या क्षेत्रात नवीन नाही. 2014 साली निघालेल्या सर्वाधिक सायटेशन्सच्या यादीत पहिला पेपर होता लॉरी आणि सहकाऱ्यांचा, 1951 चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा. तीन लाखांच्या वर सायटेशन्स. चोमचिन्स्की आणि साक्की यांची 1987 ची आरएनए काढायची पद्धत पहिल्या दहांत. डीएनएची रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा पेपर पहिल्या शंभरातही नाही! मोठी कल्पना पाठ्यपुस्तकात गेली की तिचा संदर्भ द्यायचं लोक सोडून देतात. पद्धतीचा मात्र दर वेळी द्यावाच लागतो.

हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली संशोधकाच्या कामाचं मोजमाप म्हणून सुचवलेल्या एच-इंडेक्सची गंमत आणखी वेगळी. माझा 17 आहे, म्हणजे किमान 17 सायटेशन्स असलेले 17 पेपर. सहाशेवालाही त्यात एकच धरला जातो. आभारातलं नाव तर कुठल्याच हिशेबात नाही.

लेखकांची यादी ठरली तेव्हा तंत्रज्ञांची नावं आभारात घालायची असतात, असं सांगितलं गेलं. मी त्याच खोलीत होते. तक्ता कोणाच्या वहीतला आहे हे मला ठाऊक होतं. बोलले नाही. पुढे निवड समितीसमोर त्याच पेपरबद्दल वीस मिनिटं बोलले, आणि 'माझा पेपर' म्हणाले. 'आमचा' असं चुकूनही तोंडातून निघालं नाही. नोकरी मिळाली.

ताई, त्या तक्त्यासाठी, फ्रीजरच्या हँडलसाठी, आणि माझी चूक कधीही चारचौघांत न सांगितल्याबद्दल मनापासून आभार. माझी मात्र आज मीच सांगतेय.

पद्धतीचा सुधारित पेपर लिहायला घेतलाय, पूर्ण वहीवर आधारलेला. मसुद्यावर पहिलं नाव तुमचं आहे. वाचा, हवं ते खोडा, आणि पटलं तरच संमतीच्या फॉर्मवर सही करा. नावाचं स्पेलिंग आणि आद्याक्षरं कशी हवीत तेही कळवा.

आणखी एक. माझी विद्यार्थिनी लिथियम क्लोराईडची रात्र चार तासांवर आणू बघतेय. पेलेट येतो, पण अगदी बारीक. वहीत याबद्दल काही आहे का?

तुमच्याकडून पिपेट धरायला शिकलेली,
तुमची विद्यार्थिनी