नाइट ड्युटी, रविवारची भक्ती आणि बाबांचं इन्सुलिन

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पुढच्या महिन्यापासून मी आयसीयूत नाइट ड्युटी घेतली आहे. आधी विचारलं नाही, म्हणून रागावू नका. पगार थोडा वाढेल, पण तेवढ्यासाठी नाही हो. वॉर्डात एकेका पेशंटजवळ उभं राहायलाही फुरसत मिळत नाही. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असते. मावशीच्या वेळचं तुम्हाला आठवतंच, म्हणून जास्त लिहीत नाही.

आई, दर रविवारी भक्तीला जमणार नाही, हे तुला लागेल. पण जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून करा, हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन तूच माझ्याकडून पाठ करून घेतलंस ना? दर २ तासांनी पेशंटची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर ठेवायची, म्हणजे पोटातलं फुप्फुसात उतरत नाही. ही कामं कुणाच्या नजरेत भरत नाहीत, त्यांतच माझी भक्ती आहे. पहाटे ३ ते ५ डोकं सगळ्यात मंद चालतं. पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं, म्हणून ते दोघींनी वाचून, मोजूनच लावायचं. प्रार्थना केली म्हणून दुसऱ्यांदा तपासणं टळत नाही. उलट हात धुताना मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली की साबणाचा पाऊण मिनिट पुरा होतो, घाईही उतरते.

माझ्या जेवणाची काळजी नको. डबा दोन वेळचा असतो, खोलीला जाड पडदे आहेत, दिवसा झोप होते.

आता बाबा, तुमचं. इन्सुलिन टोचून तुम्ही पवित्र शास्त्र वाचायला बसता, मग कुटुंबाची प्रार्थना, आणि नाश्त्याला तासभर उलटतो. तुमचं इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं, पोट रिकामं असलं की साखर उतरते. आधी प्रार्थना, मग सुई, मग अर्ध्या तासात भाकरी. प्रभूला वेळ कमी पडत नाही, बाबा. बाटली हलवू नका, तळहातांत १० वेळा फिरवा. फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. घाम, थरथर वाटली तर ३ चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा.

गुड फ्रायडेला उपास करायचा नाही, पाळकसाहेबांना मी स्वतः सांगेन. प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची भक्ती दुपारी १२ ते ३ चालते. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि आईच्या शेजारीच बसा. मांडीवर घेऊन मला स्तोत्र शिकवणारे हात मला अजून पुष्कळ वर्षं हवे आहेत.

आणि रोज एकाच जागी टोचू नका, तिथे गाठ येते. बेंबीपासून तीन बोटं सोडून जागा बदलत जा, वहीत लिहा. आले की वही बघणार आहे.

तुमची,
धाकटी