ताई, आज कोण बोलतंय?

प्रिय ताई,

आभार मानलेले तुला चालत नाहीत. "परक्यासारखं काय बोलतोस," म्हणशील. तरी लिहितोय, तेही चारचौघांत, कारण तू केलंस ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

२०१६ चा डिसेंबर आठव. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं ते तीन खोल्यांचं घर आणि साडेचारलाच दाटून येणारा काळोख. माझे दोन विषय राहिले होते आणि ते मी घरी कळवलं नव्हतं. आईचा फोन यायचा, मी स्क्रीनकडे बघत बसायचो, तो वाजून वाजून थांबायचा. जेवणाचं ताट घेऊन खोलीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. एका संध्याकाळी तू दार वाजवलंस. आता समजूत घालणार असं वाटून मी उत्तरं जुळवत उठलो, तर तुझ्या हातात सीडीचा डबा होता. बिजागरी तुटलेली, वरून रबरबँड लावलेलं. "पहिला दिवस ऐक. दीडेक मिनिटाचा आहे. नाही आवडला तर परत दे." एवढंच बोललीस आणि गेलीस.

'द ह्यूमन इक्वेशन'. आयरिऑन या रॉक-मेटल प्रकल्पाचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. नेदरलँड्सचा आर्येन लुकासेन एकटा बसून सगळं रचतो आणि गायला-वाजवायला जगभरातून माणसं बोलावतो, हे तू नंतर सांगितलंस. २००४ चा हा अल्बम म्हणजे दोन सीड्या, वीस गाणी आणि गोष्टीतले वीस दिवस. एक माणूस गाडीच्या अपघातानंतर बेशुद्ध पडून आहे. उशाशी बायको आणि जिवलग मित्र. त्याच्या डोक्यात मात्र भीती, विवेक, प्रेम, ओढ, अभिमान, वेदना, राग अशी सात जणं बोलतात, आणि प्रत्येकाला गळा वेगळा. त्यात तो स्वतः, बायको, मित्र आणि बाप धरले की अकरा आवाज होतात.

पहिल्यांदा मला त्यातलं काही उमगलं नाही. कोण कुणाशी बोलतंय तेच कळेना. मग तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरलास. आडव्या वीस चौकटी, उभ्या अकरा ओळी, आणि शेजारी रंगीत पेन्सिली. भीतीला निळा, कारण ती गाणाऱ्या, ओपेथ बँडच्या मिकाएल ओकरफेल्टचा आवाज तुला थंड पाण्यासारखा लागतो. तोच गृहस्थ बाराव्या दिवशी घशातून गुरगुरतो तेव्हा त्याच निळ्याला तू दाबून दाबून गडद केलंस. प्रेमाला, म्हणजे हेदर फिंडलेला, पिवळा. अभिमानाला तपकिरी, त्याला तू 'ताठा' म्हणायचीस. बायकोच्या ओळीशी तुझी पेन्सिल थांबली आणि तू मार्सेला बोव्हियोची हकीकत सांगितलीस: लुकासेनने अनोळखी गायिका शोधायला स्पर्धा ठेवली, आणि मेक्सिकोतली ही मुलगी निवडली गेली. नायक गाणाऱ्या, ड्रीम थिएटर बँडच्या जेम्स लाब्रीसमोर, नायकाच्या बायकोच्या भूमिकेत! हे सांगताना तुझा चेहरा असा फुलला होता, जणू ती तुझ्याच गल्लीतली.

"हे आपलं संगीत नाटकच आहे की," असंही म्हणालीस. सांगलीची माणसं दुसरं काय म्हणणार! पण तुझं पटलं मला. पात्र आलं की पद आलं, आणि पदावरून पात्र ओळखायचं. २०१५ मध्ये रॉटरडॅमच्या लुक्सॉर थिएटरात ही सगळी गोष्ट रंगमंचावर झाली तेव्हा तू तिथे होतीस. त्या रात्रीबद्दल बोलताना तू भाजी करपवलीस, ते मला अजून आठवतं.

सोळावा दिवस आपण किती वेळा ऐकला असेल! सुरुवातीला त्या डिजरिडू नावाच्या फुंकवाद्याचा घुमारा, मग नाचरा ठेका, आणि त्यावर बाप मुलाला हिणवतोय. शॅडो गॅलरी बँडचा माइक बेकर तो बाप इतका खरा गातो की ऐकवत नाही. नंतर केन हेन्स्लीचा हॅमंड ऑर्गन करवतीसारखा कापत येतो आणि अखेर डेव्हिन टाउनसेंडचा राग फुटतो. तू टेबलावर बोटांनी एड वॉरबीचे ड्रम धरायचीस. पहिल्यांदा तो आक्रोश आला तेव्हा मी रडलो. तू गाणं थांबवलं नाहीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. कागदावर शांतपणे लाल रंग भरत राहिलीस. त्याबद्दल तुझे फार आभार, ताई. त्या क्षणी कुणी पाठीवर हात ठेवला असता तर मी पुन्हा दार लावून घेतलं असतं.

त्यानंतर तू रोज संध्याकाळी एकच विचारायचीस, "आज कोण बोलतंय?" कसा आहेस, काय झालं, अभ्यास कुठवर आला, यातलं काही नाही. मी म्हणायचो, भीती. कधी म्हणायचो, वेदना. तू मान डोलवायचीस आणि कणीक मळत राहायचीस. जानेवारीत एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "ताठा." तेव्हा मलाच कळलं की घरी न सांगण्यामागे भीती कमी आणि ताठाच जास्त होता. त्याच रात्री मी फोन केला. बाबांनी घेतला. ते अल्बममधल्या बापासारखे नाहीत, कधीच नव्हते; त्यांनी विचारलं, "जेवलास का?" मग मी सगळं सांगितलं. दोन्ही विषय उन्हाळ्यात सुटले.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये टिलबर्गच्या '०१३' नावाच्या सभागृहात आयरिऑनचा कार्यक्रम झाला. माझं तिकीट तू मला न विचारताच काढलं होतंस. सोळावा दिवस सुरू झाला आणि आपण दोघं एकाच वेळी एकमेकांकडे वळलो. परतीच्या गाडीत आपण फारसं बोललो नाही.

तू कामासाठी दुसऱ्या गावी गेलीस तेव्हा डबा आणि कागद माझ्याकडेच ठेवून गेलीस. विसाव्या दिवसाची चौकट तू मुद्दाम कोरी ठेवली होतीस. "ही तू भर, पण कान देऊन." इतकी वर्षं मी ती भरली नव्हती. गेल्या रविवारी दार उघडं टाकून, मोठ्या आवाजात दोनदा ऐकलं आणि भरली. कागद जपून ठेवलाय. वेदनेचा जांभळा नेमका कुठून सुरू होतो त्याबद्दल मला अजून शंका आहे. येशील तेव्हा टेबलावर पसरून बघू. पेन्सिली आहेत. पिवळी तेवढी फार लहान उरली आहे.

तुझा,
खालच्या खोलीतला भाऊ