ग्रीनफिल्डच्या गिरणीत पाणी आणि रोलर फिरताना दाखवा

माननीय संस्कृती मंत्री, वेल्स सरकार, यांस,

होलीवेल गावाखालच्या ग्रीनफिल्ड खोऱ्यात लोअर कॉटन मिलच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. त्या जपताना तिथली कताईही चालवून दाखवावी, ही सूतगिरणीचे काम जाणणाऱ्या आम्हा लोकांची विनंती.

पाण्यावर चालणारे, रोलरचे कताईयंत्र पुढे आणणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचा भागीदार जॉन स्मॉली याने १७७७ मध्ये इथे पहिली सूतगिरणी बांधली. सेंट विनिफ्रेडच्या झऱ्याचे पाणी कडक थंडीतही गोठत नसे. एका चाकावरून सुटलेले पाणी खालच्या तळ्यात साठवून पुढच्या चाकाला देता येई. १७८३, १७८५ आणि १७९० मध्ये आणखी तीन गिरण्या झाल्या. तळ्यात गाळ भरला की साठा घटतो आणि चाकाची गती टिकत नाही, म्हणून तळी व पाट हेही यंत्राचेच भाग समजावेत.

पाण्याचे चाक जे कताईयंत्र फिरवी, त्याची खरी करामत रोलरमध्ये आहे. खालचा रोलर खाचांचा, वरचा कातड्याने मढवलेला आणि वजनाने दाबलेला. अशा जोड्या एकामागोमाग, पुढची प्रत्येक मागचीपेक्षा वेगवान. शेवटच्या जोडीचा वेग पहिलीच्या सहापट असेल, तर एक हात पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वळी) ताणून सहा हात होतो. दोन जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त हवे. कमी पडले तर तंतू दोन्हीकडून पकडला जाऊन तुटतो. फार वाढले तर आखूड तंतू मोकळे राहतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येते. वजन कमी पडले की पेळू घसरतो. आजच्या रिंग फ्रेम या कताईयंत्रावरही खेच, म्हणजे पेळू ताणण्याचे प्रमाण, अशीच बसवतात. मग फ्लायर, म्हणजे बॉबिनभोवती फिरणारा दुहाती आकडा, सुताला पीळ देतो. बॉबिन सैल असते, सूतच तिला ओढते. तिच्यावरचा रोध जास्त झाला की सूत तुटते, कमी झाला की गुंडाळी ढिली पडते. हे सूत ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांना, पुरेल इतके मजबूत असे. त्याआधी इंग्लंडात ताण्याला बहुधा जवसाच्या तंतूचे सूत लागे.

तुटलेली टोके जोडायला शिकाऊ उमेदवार म्हणून आणलेली मुले असत. त्यांचे काम आणि वय फलकावर ठळक लिहा.

१९१७ मध्ये खाणीच्या बोगद्याने झरा आटला. पुढे दुसरीकडून पाणी वळवावे लागले. तेव्हा ओढ्यातून किती पाणी घेता येईल, ते आधी मोजा. मग छोट्या चाकावर चार चात्यांची (बॉबिन बसवायच्या फिरत्या दांड्यांची) कताईची फ्रेम बसवा. रोलरमधले अंतर बदलता येऊ द्या, म्हणजे सूत का बिघडते ते पाहणाऱ्याला हाताने कळेल.

आपले,
सूतकताईतले काही जाणकार