हरीणकाका, साखळी टिकली!

प्रिय हरीणकाका,

हे नाव आमच्या मुलीनं ठेवलंय, पत्रही तीच तुम्हाला वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहायला बसलो की 'थँक यू'च्या पुढे माझं पेन जात नाही. शिवाय इथे मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचा नाद लागलेले आणखी काही मराठी लोक आहेत (गावाकडे फोनवर सांगत नाहीत, एवढंच), त्यांच्याही कामाचं आहे.

ऑक्टोबरातली ती पहाट. सरकारी जंगलात ओकच्या बुंध्याशी उभं राहून टॉर्च वर मारला, तर झाड मोकळं. झाडावर बसायचा स्टँड गेला, त्याचे पट्टे गेले, चढायला खोडाला बांधायच्या पायऱ्या, म्हणजे स्टिक्स, त्या चारही गेल्या. पानांत पडली होती फक्त स्टँडला कुलूप म्हणून लावलेली माझी सायकलची केबल, कापलेली.

तसाच तुमच्या गॅरेजमध्ये आलो. तुम्ही 'अरेरे' म्हणाला नाहीत. विचारलंत, "खालच्या स्टिक्स कुठे होत्या?" झाडालाच. "आणि वाट?" अंधारात चुकू नये म्हणून मी पार्किंगपासून थेट झाडापर्यंत चमकत्या फिती बांधल्या होत्या. तुम्ही इतके हसलात की कॉफी सांडली. खरंच की! चोराला मीच वाट आखून दिली आणि वर शिडीही लावून ठेवली.

मग तुमचा जुना स्टँड काढलात. जन्मभर टूल अँड डायमध्ये, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे घडवण्यात घालवलेला हात. नियमाप्रमाणे लागणारं माझं नाव आणि पत्ता तुम्ही कोरलंत, तेही दोन ठिकाणी. दुसरं बैठकीच्या खाली, सहज दिसणार नाही असं. माझं आपलं स्टिकर होतं, नखानं निघणारं. केबलऐवजी कडक पोलादाची साखळी, आणि ती सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये ओवलेली, कारण खणखणाट झाला तर हरीण त्या बाजूला फिरकत नाही. कुलूप खोडाला घट्ट, मागच्या अंगाला, कटरचा जबडा घालायला जागाच नको. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून आत ग्रॅफाइटची पूड. खालच्या दोन स्टिक्स रोज संध्याकाळी काढून घरी न्यायच्या. ट्रेल कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) दहा फूट उंचीवर, खाली तोंड करून, स्टँडवर नाही तर वाटेवर रोखलेला. फिती तर तुम्ही स्वतः माझ्याबरोबर येऊन सोडल्यात. गुडघा दुखत असताना.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा शिवारात माळ्यावर बसून पाखरं हाकायचे, तो माळा कधी कुणी नेला नाही." चार बांबू आणि कडबा, नेणार काय!

15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो, म्हणून आदल्या दिवशी बघायला गेलो. ट्यूब फाटलेली, साखळीच्या एका कडीवर कटरचे दोन दात उमटलेले. स्टँड जागच्या जागी. कॅमेऱ्यात एक टोपी आणि अर्धी पाठ आली आहे, तेवढ्यावरून ओळख पटणार नाही.

हंगाम संपला की स्टँड उतरवून तुमच्या गॅरेजमध्ये आणतो. 1 मार्चपर्यंत ठेवायची मुभा आहे, पण पट्टे कुजतात आणि खारी कुरतडतात, हेही तुम्हीच शिकवलंत. अजून काही मिळालेलं नाही. मिळालं की अर्धा खिमा तुमच्या फ्रीझरला, ठरल्याप्रमाणे.

तुमचा,
पलीकडच्या घरातला