फवारणीआधी रक्त तपासा

महोदय,
यवतमाळच्या २०१७ च्या कीटकनाशक फवारणीतील विषबाधेनंतर मास्क-हातमोज्यांची चर्चा भरपूर झाली. फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) मूळ, म्हणजे फवारणीआधीची, पातळी नोंदवणे मागेच राहिले. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके हेच विकर निकामी करतात. निरोगी माणसांतही ते इतके कमी-जास्त असते, की निम्मे घटले तरी अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून किमान ३० दिवस फवारणीपासून दूर असताना, ३ ते १४ दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन सरासरी काढावी. प्रयोगशाळा व पद्धत एकच हवी. साखर तपासायची फ्लोराइडची नळी तर नकोच, फ्लोराइड विकरालाच दाबते! पुढे तांबड्या पेशींतली पातळी स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरली, की ती पुन्हा ८० टक्के होईपर्यंत पंप खांद्यावर घेऊ देऊ नये.

– एक वाचक, यवतमाळ