सही 'एक नागरिक' केली तरी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गावाकडच्या बांधाचा आमचा दावा कोर्टात पडून आहे, तारखेवर तारीख, म्हणून तुम्हाला पत्र लिहायला बसलो तर बायको म्हणाली खाली नाव टाकू नका हो, 'एक नागरिक' लिहा, उद्या अवमान-बिवमान झाला तर आत डबा कोण घेऊन येणार. मुलगा एलएलबीला आहे, तो हसायला लागला. म्हणे पप्पा, हे एकाने आधीच करून बघितलंय.

अमेरिकेत मिझुरीला जेम्स पेक नावाचे फेडरल डिस्ट्रिक्ट जज होते, १८२२ पासून. स्पॅनिश राजवटीत मिळालेल्या जमिनींचे दावे त्यांच्यापुढे यायचे, आपल्याकडे इनामाची जुनी सनद घेऊन लोक येतात ना तसंच. एका सर्व्हेअरच्या वारसांचा दावा त्यांनी फेटाळला आणि १८२६ मध्ये तो निकाल स्वतःच पेपरात छापून आणला. मग वारसांच्या वकिलाने, ल्यूक लॉलेसने (आडनावाचा अर्थच बेकायदा, मी बनवलेलं नाही!) दुसऱ्या पेपरात निकालातल्या १८ चुका मोजून दाखवल्या, सही 'एक नागरिक'. जजसाहेबांनी आधी संपादकालाच कोर्टात बोलावलं, मग लेखकाचं नाव निघालं आणि कोर्टाचा अवमान म्हणून लॉलेसला २४ तास जेल, वर १८ महिने वकिली बंद.

लाचेचा वगैरे आरोप नव्हता बरं का पेकसाहेबांवर. पण पेपरात पहिल्यांदा गेले कोण? तेच ना? मग उत्तर पेपरातच येणार.

लॉलेसही चिवट, चार-पाच वर्षं काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) मागे लागला आणि १८३० मध्ये पेकसाहेबांवर महाभियोग आणवलाच. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जानेवारी १८३१ ला दोषी म्हणणारे २१, निर्दोष म्हणणारे २२, आणि लागणार होते दोन तृतीयांश, त्यामुळे पेकसाहेब खुर्चीवर राहिले ते १८३६ ला वारले तोपर्यंत. पण मार्चमध्येच कायदा आला की कोर्टात किंवा कोर्टाजवळ गोंधळ घातला, आदेश मोडला तरच अवमानाची अशी शिक्षा, पेपरातल्या लेखाला नाही. आणि तो जमिनीचा दावा? १८३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने वारसांच्या बाजूने दिला.

आपल्या नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये कविता छापल्या म्हणून काळं पाणी झालं होतं, त्यामुळे छापलेल्या कागदाची भीती काय असते ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

खरी गंमत पुढेच आहे. हाच लॉलेस नंतर सेंट लुईसला जज झाला. १८३६ मध्ये तिथे जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला जिवंत जाळलं, तर या पठ्ठ्याने ज्युरीला सांगितलं जमावावर खटला नको, आणि खापर फोडलं कोणावर, तर गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या पेपरवर!

तारखांचं पत्र पुढच्या आठवड्यात पाठवतो. नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीत आहे, छापू नका, घरचा आदेश आहे.

– एक नागरिक, पंचवटी, नाशिक