‘नाइस’ म्हणजे नेहमीच ‘छान’ नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका खटल्यावरील लेखात ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ याचे भाषांतर ‘कायद्याचा छान मुद्दा’ असे छापले आहे. तेथे ‘बारीक मुद्दा’ हवे होते. अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यामुळे ही चूक मला वह्यांतून ओळखीची आहे. पण छापील मजकुरात ती आली की मुले तीच प्रमाण मानतात, म्हणून हे पत्र.

‘नाइस’चे मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’ या शब्दात आहे. त्यातला ‘ने’ हा आपल्या ‘न’चाच भाऊबंद, आणि पुढचा भाग ज्या ‘जाणणे’ अर्थाच्या धातूचा आहे, त्यापासूनच ‘सायन्स’ही आला, म्हणजे आपला ‘अज्ञ’ जसा घडला, तसाच हा घडला. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा कोणाला ‘नाइस’ म्हणणे म्हणजे त्याला मूर्ख म्हणणे होते. पुढे तो बुजऱ्या माणसाला लागला, मग खाण्यापिण्यात नाक मुरडणाऱ्या चोखंदळ माणसाला, आणि चोखंदळपणातूनच बारीकसारीक फरक नेमका टिपणे हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. कायद्याच्या भाषेत आजही टिकून आहे तो हाच. ‘छान’ हा अर्थ सर्वांत धाकटा, अठराव्या शतकातला.

शब्द असे कूस बदलतात, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. माझी भाची पहिल्यांदा शाळेत निघाली, तेव्हा वाटेत ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचून तिने माझा हात घट्ट धरला होता. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे तिला तिथेच थांबून समजवावे लागले. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग आणि अनुरागही, आपल्याकडे मात्र संताप. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलताना आपण हा फरक रोज सांभाळतो, मग इंग्रजी शब्दाच्या बाबतीतच पहिला आठवेल तो अर्थ का लिहावा?

पुढील रविवारी त्याच पानावर ‘कायद्याचा बारीक मुद्दा’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर